चित्र गेल्यावरचा आवाज

“सांगतो. पण तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही, आणि बसलाच तर माझ्याच सांगण्यात काहीतरी कमी पडलं असं मी समजेन,” ऑपरेटर म्हणाला आणि बशीतलं एक बिस्किट उचलून नुसतं हातात धरून बसला. गोष्ट सांगताना हातात काहीतरी लागायचं, ही त्याची जुनी खोड. समोर टेबलावर, चहाच्या कपांच्या मधोमध, ती डबी होती. काडेपेटीहून लांब, पातळ, आरपार दिसणारी. आत कॉम्प्युटरच्या मेमरीची पट्टी, कोरी करकरीत. दातांच्या डॉक्टरनं ती खिशातून काढून टेबलावर ठेवली होती, तीही अशी अलगद, की जणू एखाद्या पेशंटच्या जबड्यात दाढ बसवतोय. “नवी आहे. ही बसवली की नकाशाचा त्रास मिटेल. पाच मिनिटांचं काम आहे,” एवढंच तो बोलला होता. आणि तेवढ्यानंच ऑपरेटरच्या पोटात जे दुखायला लागलं होतं, ते चहानं थांबेना. नकाशा म्हणजे ऑपरेटरची बायको. दुसऱ्याच्या बायकोला नकाशा म्हणणारा माणूस आपल्याच खुर्चीत बसतो, आपल्याच कपातून चहा पितो, आणि आपल्याच घरातल्या यंत्राचा बिघाड पाच मिनिटांत काढायची भाषा करतो. ज्या हातांनी आयुष्यभर प्रोजेक्टर चालवला, एवढ्या मोठ्या थिएटरातल्या माणसांना अंधारात बसवून रडवलं, हसवलं, त्या हातांना कुणी हे सांगावं?

“भावोजी, तुमच्या गोष्टींना तिकीट लावलं असतं ना, तर तुमचं थिएटर बंद पडलं नसतं,” मेहुणी म्हणाली. ती खालच्याच मजल्यावर राहायची आणि पाहुणा आला की तिला वर काही ना काही काम निघायचं. आज तर निमित्तही नको होतं, कारण कॉम्प्युटर मूळचा तिच्या मुलीचा. मुलगी नोकरीसाठी दूर गेली, जाताना मावशीकडे ठेवून गेली. वर म्हणाली, मावशी, तू दुपारी एकटी बसून भिंतीकडे बघतेस, त्यापेक्षा याच्याकडे बघ. एकटी! घरात नवरा होता की. पण तो त्या वेळी गॅलरीत बसून कुणाचा तरी पंखा, कुणाचा तरी मिक्सर उघडून बसलेला असायचा, आणि भाचीला तो माणसांत मोजावासा वाटला नसेल. मग बायकोनं त्यावर तो जहाजाचा गेम सुरू केला. दोघांनी मिळून खेळायचा. एकाच्या हातात सुकाणू, पण त्याला धुक्यापलीकडचं काही दिसत नाही. दुसऱ्याच्या हातात नकाशा, पण त्याला जहाज वळवता येत नाही. नकाशावाल्यानं बोलायचं, सुकाणूवाल्यानं ऐकायचं. अनोळखी लोकांतून गेमच जोडीदार शोधून देतो, आणि हिला कोण मिळावा, तर हा. दुपारी दवाखाना बंद असताना जहाज हाकणारा दातांचा डॉक्टर. पहिल्यांदा नाव कळलं नव्हतं, ती नुसतं ‘सुकाणू’ म्हणायची. सुकाणू म्हणतो, आज वादळ आहे. सुकाणूला खोकला झालाय. ऑपरेटरनं मनात त्याचं जे चित्र काढलं होतं ते उंच होतं, रुंद खांद्यांचं होतं, आणि त्याच्या डोक्यावर भरपूर केस होते. आज दार उघडल्यावर समोर उभा राहिला तो बुटका, टकलू, चप्पल काढून भिंतीला लावून ठेवणारा माणूस. बघून त्याला हायसं वाटायला हवं होतं. उलट तो आणखीच खचला. देखण्या माणसावर बायको भाळली तर त्यात काही विशेष नाही, चार दिवसांनी उतरतं. पण या असल्या माणसाशी ती रोज दुपार दुपार बोलते, म्हणजे ते बोलणंच तसं असलं पाहिजे.

“तर सुरुवातीला,” तो म्हणाला, “गेम मधेच बंद पडायचा. वाटेल तेव्हा. कधी दहा मिनिटांनी, कधी तासानं. चित्र जागच्या जागी गोठायचं, आवाज घोगरा व्हायचा, मग पडदा निळा, मग काळा. मी म्हटलं, यंत्र आहे, त्याला कारणाशिवाय काही होत नाही. माणसाला होतं.” हे वाक्य त्यानं आधीच तयार करून ठेवलं होतं. ते बरोबर लागलं. डॉक्टरनं मान हलवली, मेहुणीनं “वा” केलं, बायकोनं मात्र ओठ घट्ट मिटून टेबलक्लॉथची घडी सरळ केली. टेबलक्लॉथ इस्त्रीचा होता. कधीपासून या घरात टेबलक्लॉथला इस्त्री होऊ लागली? चष्म्याला नवी साखळीही होती. त्याच्या लक्षात सगळं येत होतं. प्रोजेक्टरच्या खोलीतल्या चौकोनी झरोक्यातून त्यानं आयुष्यभर माणसांच्या पाठी बघितल्या होत्या. कोण कोणाकडे झुकलंय, कुणाचा हात खुर्चीच्या दांड्यावरून कुठे सरकलाय, पडद्यावर मरण चाललेलं असताना कोण हसतंय, हे सगळं वरून दिसायचं आणि कुणालाच माहीत नसायचं. बघणाऱ्यांना बघणारा तो एकटा. कॉम्प्युटरच्या पायी तेच पुन्हा नशिबी आलं. भाचीनं फोनवरून सांगितलं तसं त्यानं सगळं केलं होतं. ड्रायव्हर नावाचे आतले प्रोग्रॅम काढून नवे घातले, पंख्यावरची धूळ जुन्या रंगाच्या ब्रशनं झाडली, आतलं तापमान बघितलं, गेम उडवून पुन्हा बसवला, वायर बदलली, बोर्डातला प्लग बदलला. प्रत्येक वेळी भाची विचारायची, काका, आता? आणि तो म्हणायचा, आता बघायचं. बघायचं म्हणजे बायको खेळत असताना शेजारी बसून बिघाड पकडायचा. कारण तो बिघाडही असा बेरकी, की हा समोर असला की तोंड दाखवायचा नाही आणि हा दाढी करायला उठला की हटकून यायचा. म्हणून त्यानं गॅलरीतलं स्टूल आणून कॉम्प्युटरच्या कॅबिनेटच्या अगदी जवळ ठेवलं. गुडघा दुखतो, खाली बसवत नाही, असं वर सांगितलं. ते खरंच होतं. त्याच्या बहुतेक थापांमध्ये एखादा गुडघा खरा असायचा.

तिथे बसून पहिल्यांदा त्यानं तो आवाज ऐकला. पहिल्यांदा म्हणणं चूक आहे, कारण याच आवाजानं ती आयुष्यभर बसस्टँडवर गाड्या पुकारत आली होती. पण तो आवाज तिथेच, माइकपाशी ठेवून ती घरी यायची. घरी यायची ती दुसरीच, दमलेली, तुटक बोलणारी बाई. जेवण वाढलंय. दार लावा. हं. असू दे. इतकी वर्षं त्यानं मानून घेतलं होतं की बोलून बोलून तिचं बोलणं संपून जातं आणि उरलेलं त्याच्या वाट्याला येतं. त्याबद्दल तक्रार नव्हती; तोही दिवसभर अंधारात राहून घरी यायचा आणि दिव्याकडे बघवायचं नाही. पण स्टुलावर बसल्यावर कळलं की आवाज संपला नव्हता. तो शिल्लक होता, जसाच्या तसा, नव्या साबणासारखा गुळगुळीत. “सुकाणू, डावीकडे घ्या. अजून. अजून थोडं. आता सरळ. समोर दीपगृह दिसेल तुम्हाला. दिसलं?” आणि फोनमधून तो म्हणायचा, “तुम्ही म्हणालात म्हणून दिसलं.” हेडफोननं तिचे कान दुखायचे आणि गेममधलं बोलणं तुटक यायचं, म्हणून दोघं फोनवरून बोलायची, फोन स्पीकरवर टाकून पडद्याशेजारी बिस्किटांच्या डब्याला टेकवलेला असायचा. सगळं उघड होतं. लपवण्यासारखं एक अक्षर कुणी बोलत नव्हतं, आणि हेच त्याला खात होतं. लपवलं असतं तर पकडता आलं असतं. बाकी काय, वादळ, खडक, पेशंट. मग तो डॉक्टर एखादा किस्सा सांगायचा, कुणाची तरी कवळी कुठेतरी सापडल्याचा, आणि ही हसायची. खळखळून. मान मागे टाकून, खुर्ची करकरावी इतकी. ते हसू त्यानं शेवटचं कधी ऐकलं होतं ते आठवायला गेलं की मध्ये भलतंच काहीतरी आठवायचं, आणि मूळ आठवण हाती लागायची नाही.

“मग काय सापडलं?” मेहुणीनं विचारलं. “का तिथेच मध्यंतर?”

“सापडलं, सांगतो ना,” तो म्हणाला. “घाई असेल तर खाली जाऊन ये.”

“अहो, यांचे हात वेगळेच आहेत, मी नाही म्हणत नाही,” बायको मध्येच बोलली, डॉक्टरकडे वळून. घरातल्या बारीक आवाजातच बोलली, पण बोलली. “डॉक्टर, आमचं लग्न कशामुळे झालं माहितेय? पारव्यामुळे. मी नुकतीच नोकरीला लागले होते. घरच्यांनी एक स्थळ बघितलेलं, त्यांच्याबरोबर सिनेमाला पाठवलं होतं मला. दुपारचा खेळ. आणि ऐन दुःखाच्या जागी फिल्म तुटली, दिवे लागले. लोक शिट्ट्या मारताहेत, ओरडताहेत. बाहेर पडताना हे दारात उभे, हातात पारव्याचं पीस. म्हणाले, माफ करा, खोलीत पारवा शिरला आणि रिळात अडकला, त्याला सोडवायचं की फिल्म वाचवायची हे ठरवायला मला एक सेकंद मिळाला. मी म्हटलं, मग? म्हणाले, पारवा उडाला. बस. त्या स्थळाला मी दुसऱ्या दिवशी नकार कळवला. ज्या माणसाला एवढ्या लोकांच्या शिव्या खाऊन पाखरू वाचवावंसं वाटतं, तो वाईट नसणार, असं वाटलं मला.”

“हे मी शंभरदा ऐकलंय,” मेहुणी म्हणाली, “आणि पिसाचा रंग दर वेळी बदलतो.”

“करडंच होतं,” बायको म्हणाली. “कितीतरी वर्षं माझ्या कंगव्याच्या डब्यात होतं.”

ऑपरेटरनं हातातलं बिस्किट मोडलं. करडं होतं, यात शंका नाही. झरोक्याबाहेरच्या कठड्यावर तसली पिसं नेहमीच पडलेली असायची. ती गोष्ट आता त्याची राहिली नव्हती. त्यानं ती एकदाच, दारात उभं राहून, घाम पुसत सांगितली होती. पुढे तिनंच ती वाढवली, तिनंच सांभाळली, पाहुण्यांना वाढली, भाचीला झोपवताना सांगितली. इतकी, की कधी कधी त्यालाही पंखांची फडफड आठवायची. पण त्याखाली, जराशी नखानं खरवडली तर, दुसरंच होतं. झरोक्यातून दिसणारी तिची पाठ, दोन वेण्या, आणि शेजारचा तो स्थळवाला, केसांना तेल लावलेला, तिच्या कानाशी वाकलेला. तो काहीतरी बोलला आणि पडद्यावर आई मरत असताना ती हसली. मान मागे टाकून. पडद्याचा उजेड तिच्या गळ्यावर पडला. तिला तो ओळखतही नव्हता. तिकिटाच्या रांगेत दोनदा पाहिलं होतं, एवढंच. आणि तरी छातीत असं काही पिळलं गेलं की अंगठा आपोआप पुढे झाला. एक झटका. फट् असा आवाज. चित्र गेलं, आणि चित्राबरोबर आवाजही गेला. कारण सिनेमात ही दोन वेगळी नसतात. फिल्मच्या काठावर, चित्रांच्या बाजूनं, एक बारीक नागमोडी रेघ धावत असते, तोच आवाज. एकाच पट्टीवर दोघं. एक तुटलं की दुसरं तुटलंच. शिकवणाऱ्यानं हेच पहिल्या दिवशी त्याच्या डोक्यात बसवलं होतं, आणि इतकं घट्ट बसलं होतं की पुढे तो जगाकडेही तसाच बघत आला. दिसणं थांबलं की बोलणं थांबतं. दिवे लागले तेव्हा सगळं थिएटर मागे वळून झरोक्याकडे बघत शिव्या देत होतं, आणि तीही वळली होती. ती शिव्या देत नव्हती. नुसती बघत होती. स्थळवाल्याकडे पाठ करून त्याच्याकडे बघत होती, आणि तेवढ्यासाठी त्यानं जन्मभराची नोकरी घालवली असती.

“पारवा अडकला होता हे नशीब,” डॉक्टर म्हणाला. “माझ्याकडे रोज लोक तोंड उघडं ठेवून खोटं बोलतात. दोन वेळा घासतो म्हणतात. आत बघितलं की सगळं दिसतं.”

मेहुणी मोठ्यानं हसली. ऑपरेटरनं नकळत ओठ मिटून घेतले, कारण त्याच्या वरच्या रांगेत दोन जागा रिकाम्या होत्या, आणि डॉक्टर आल्यापासून तिकडेच बघतोय अशी पाल त्याच्या मनात चुकचुकत होती. मग त्याची नजर बायकोकडे गेली. ती हसली नव्हती. हसू आलं होतं, डोळ्यांपर्यंत आलं होतं, पण तिनं पटकन तळहात तोंडावर धरला होता, आणि नजर आतल्या खोलीकडे, बंद कॉम्प्युटरकडे गेली होती. डॉक्टरनंही तो हात पाहिला. पाहिला आणि चहाचा कप खाली ठेवला.

हे मात्र ऑपरेटरच्या हिशेबात नव्हतं. बिघाड तर त्याला कधीच सापडला होता. एके दिवशी ती खाली बहिणीकडे गेली असताना त्यानं कॅबिनेटचं झाकण उघडलं, मेमरीची पट्टी काढली, तिचे सोनेरी दात खोडरबरनं घासले आणि परत बसवताना लक्षात आलं, की एका टोकाची खिट्टी लागलेलीच नव्हती. कॉम्प्युटर उचलून आणताना कुठेतरी धक्का बसून निसटली असेल. बाकी काही नाही. अंगठ्यानं दाबलं, टक् झालं, संपलं. एवढ्याशा टक्‌साठी आपण इतकं जागं राहिलो, याचं त्याला हसू आलं होतं. मग दुपार आली. गेम सुरू झाला, तास गेला, दुसरा तास गेला, जहाज कुठल्या कुठे पोचलं. बायको मागे न बघता म्हणाली, “झालं वाटतं दुरुस्त. जा आता, पडा थोडे. तुमचा गुडघा दुखतो ना?” किती प्रेमानं म्हणाली. आणि स्टूल परत गॅलरीत गेलं. पडल्या पडल्या भिंतीतून तो आवाज येत राहिला, शब्द कळत नव्हते, नुसता चढउतार, आणि अधूनमधून ते हसू. तिसऱ्या दिवशी त्यानं ती खिट्टी उघडली. नुसती उघडली नाही, मोजून उघडली. पट्टी बसलेली राहील, कॉम्प्युटर सुरू होईल, गेम चालेल, पण कॅबिनेटला बाजूनं जरासा धक्का लागला की हात सुटेल, इतकी. त्याला कला लागते. मग स्टूल परत आलं. तो बसला. सुकाणूनं कवळीचा किस्सा सांगितला, तिनं मान मागे टाकली, आणि त्यानं दुखरा गुडघा हळूच कॅबिनेटला टेकवला. पडदा निळा. पडदा काळा. “अरे देवा,” ती म्हणाली, आणि वळून त्याच्याकडे बघितलं. सरळ त्याच्याकडे. “बघा हो काय झालं.” त्या बघण्यात अगदी तेच होतं, वेण्या सोडून सगळं तेच. “ऊठ तू, चहा टाक,” तो म्हणाला, “मी बघतो तोवर.” ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि तो खाली वाकून झाकण उघडत पट्टीशी बोलू लागला. यंत्रांशी बोलायची त्याला सवयच होती. प्रोजेक्टरशी बोलायचा, मिक्सरशी बोलायचा, जी माणसं ऐकत नाहीत त्यांच्या वाट्याचं सगळं यंत्रांना ऐकवायचा.

“सापडलं ते असं,” ऑपरेटर म्हणाला आणि गोष्टीला टाच मारली, कारण डॉक्टरनं डबी बोटानं थोडी पुढे सरकवली होती. “मी नुसता कानानं पकडला बिघाड. आठवडाभर डोळे मिटून बसलो. गेम कधी बंद पडतो? वादळात? नाही. खडकाजवळ? नाही. ही हसली की बंद पडतो! मी म्हटलं, हिचा आवाज साधा नाही. हिनं एक गाडी पुकारली की शेजारच्या स्टँडवरची माणसं उठून रांगेत लागायची. एकदा तर ड्रायव्हर नसलेली गाडी हिच्या आवाजानं फलाटाला येऊन लागली.”

“भावोजी!”

“स्वतः कंडक्टरनं सांगितलंय. तर असा आवाज हसतो तेव्हा तो एका विशिष्ट सुराला पोचतो. त्या सुराला आतली पट्टी थरथर कापायला लागते. काचेचा पेला गाण्यानं फुटतो की नाही? तसंच. पट्टी कापते, सोनेरी दात सुटतात, गेम खलास. मी हिला म्हटलं, तू हसू नकोस, काय होतं बघू. आणि काय सांगू, त्या दिवसापासून आजतागायत एकदाही बंद पडलेला नाही. तेव्हा डॉक्टर, ही तुमची नवी पट्टी परत घेऊन जा. दोष पट्टीचा नाहीच मुळी.”

बोलता बोलता त्याचा आवाज नेहमीसारखा वर चढला होता, हात पंख्यासारखे पसरले होते, पण आत कुठेतरी तो गोष्टीच्या मागे पडत चालला होता. कारण हे खरं होतं, की ती थांबली होती. त्यानं थट्टेत म्हटलं होतं, पकडला जाऊ नये म्हणून तोंडाला येईल ते म्हटलं होतं. तिनं ते खरं मानलं. हिचा आवाज फार मोठा आहे, असं तिला लहानपणापासून सगळ्यांनी सांगितलं होतं. वडिलांनी, शेजाऱ्यांनी, स्टँडवरच्या साहेबांनी. त्यात हे आणखी एक. दुसऱ्या दिवसापासून किस्सा आला की ती तळहात तोंडावर धरायची आणि नाकानं श्वास सोडायची. गुडघा टेकवायला जागाच उरली नाही. कॉम्प्युटर सलग चालायला लागला, जहाज बंदरामागून बंदरं घ्यायला लागलं, आणि तो स्टुलावर बसून ऐकत राहिला. डावीकडे. सरळ. दिसलं. किस्से कमी झाले. मग दोघांच्या बोलण्यात अशी शांतता पडू लागली की ती तोडायला कुठली खिट्टी उघडावी हे त्याला कळेना. हसण्याचा मत्सर सोपा होता, तो एका धक्क्यानं भागायचा. या शांततेचं काय करायचं? ती दोघं काही न बोलता धुक्यातून जहाज नेतात, मधेच तो विचारतो, “आहात ना, नकाशा?” आणि ती म्हणते, “आहे.” या ‘आहे’मध्ये किती होतं! इतक्या वर्षांत त्यानं तिला कधी विचारलंच नव्हतं, आहेस ना म्हणून. आणि हल्ली घरातही, टीव्हीसमोर, बहिणीशी बोलताना, भाचीचा फोन आला तरी, तो हात वर जायचा. कॉम्प्युटर बंद असतानाही. तिला सवय लागली होती. काल तिच्या हातून पोळपाट पडला, ती सवयीनं हसायला गेली आणि एकटीच स्वयंपाकघरात उभी, तोंडावर पिठाचा हात. त्यानं दारातून पाहिलं होतं, आणि मागच्या मागे निघून गेला होता. त्या वेळी तो कुणावर जळत होता हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. बहुधा त्या हातावर.

“म्हणून हसत नाहीत होय,” डॉक्टर म्हणाला. तो टेबलक्लॉथकडे बघत होता. “मला आधी वाटलं, माझंच काही चुकलं. किस्से जुने झाले असं वाटलं. दोन नवे पाठ करून ठेवलेत मी.”

“तुमचं नाही हो,” बायको म्हणाली, “माझंच ते. पहिल्यापासूनच आवाज असा.”

“सिद्ध झालेली गोष्ट आहे,” ऑपरेटर म्हणाला.

डॉक्टरनं मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. दुखणार आहे हे माहीत असून पेशंटला सांगावं लागतं तेव्हाचा चेहरा असतो, तसा काहीसा होता. “ऑपरेटरसाहेब,” तो म्हणाला, “गेम बंद पडायचा. फोन कुठे बंद पडायचा?”

ऑपरेटरला आधी काही कळलंच नाही. फोनचा काय संबंध? चित्र गेलं होतं. पडदा काळा होता. मग हळूहळू त्याच्या डोळ्यांसमोर बिस्किटांचा डबा आला. त्याला टेकवलेला फोन आला. फोनच्या कोपऱ्यात जळणारा इवलासा हिरवा ठिपका, जो तो रोज बघत होता आणि ज्याचा अर्थ त्यानं कधी लावला नव्हता. कारण चित्र आणि आवाज एकाच पट्टीवर असतात. कारण एक तुटलं की दुसरं तुटतंच. इतक्या दुपारी तो त्या काळ्या पडद्यासमोर वाकून बोलत होता आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला हा बुटका माणूस हातात सुकाणू धरून ऐकत होता.

“त्या चहा टाकायला जायच्या,” डॉक्टर म्हणाला, “आणि तुम्ही पट्टीशी बोलायचा. सुरुवातीला मला वाटलं, घरात लहान मूल आहे. इतक्या लाडानं बोलायचात. ‘ही खिट्टी राहू दे उघडी. घाबरायचं नाही. ती हसली की सुटायचं, एरवी जागचं हलायचं नाही. शहाणी माझी.’ रोज ऐकायचो. मी कुणाला बोललो नाही. मी म्हटलं, नवरा आहे, शेजारी बसायचंय त्याला, बसू दे. जहाज काय, पुन्हा पहिल्यापासून नेऊ. पण त्या हसायच्याच थांबल्या ना. दोष किश्शांचा की त्या खिट्टीचा, कळेना, म्हणून पट्टी घेऊन आलो. नवी बसवली असती तर मी हेही बोललो नसतो.”

मेहुणीचा चमचा बशीत वाजला आणि तिनं तो पटकन धरला. ऑपरेटरच्या तोंडात पुढचं वाक्य तयार होतं; नेहमीच असायचं. फोनच्या आवाजाबद्दल, वाऱ्याबद्दल, खालच्या मजल्यावरून येणाऱ्या कुठल्याशा मुलाबद्दल. ते जिभेवर आलं आणि दोन रिकाम्या जागांमागे अडकून राहिलं. त्यानं बायकोकडे पाहिलं. ती त्याच्याकडेच बघत होती. वळून, पाहुण्याकडे पाठ करून, सरळ त्याच्याकडे. तोंडावरचा तिचा हात सावकाश खाली आला. आणि मग ती बोलली, ‘जेवण वाढलंय’ आणि ‘दार लावा’च्या आवाजात नाही, फलाटाच्या शेवटच्या टोकाला उभ्या असलेल्या माणसालाही स्पष्ट ऐकू जाईल अशा त्या भरघोस, स्वच्छ आवाजात, जो लग्न झाल्यापासून तिनं त्याच्याशी बोलताना एकदाही वापरला नव्हता.

“म्हणजे तो पारवासुद्धा नव्हता!”